शेपू, शिरवाळे आणि हनोईतला मासा

तर झालं असं, की गेल्या वर्षी आम्ही दोघं हनोईला गेलो होतो. चार दिवसांची धावती ट्रिप. तिथल्या जुन्या शहरात एका अरुंद जिन्याने वर जाऊन बसलो, आणि वेटरने काहीही न विचारता टेबलावर शेगडी आणून ठेवली. त्यावर छोटी कढई, कढईत हळदीने पिवळेधमक झालेले माशाचे तुकडे, आणि त्यावर त्याने ओंजळभर हिरवा पाला टाकला. वास आला आणि मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे. दोघंही एकदमच म्हणालो, "अरे, हा तर शेपू!"

आता तुम्ही म्हणाल, शेपूत एवढं काय. पण ज्या भाजीवरून लहानपणी आईशी रोज भांडण, जी ताटात दिसली की पोटात दुखायला लागायचं, त्या भाजीसाठी आपण विमानाचं तिकीट काढून इथवर आलो, हे पचायला थोडा वेळ लागतो. (भाजी मात्र लगेच पचली. दोनदा मागवली.)

त्या पदार्थाचं नाव 'चा का'. 'का' म्हणजे मासा, आणि 'चा' म्हणजे भाजलेल्या किंवा तळलेल्या मांसामाशाचे तुकडे, वड्या वगैरे. चहाशी संबंध नाही. सोबत 'बुन' म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या मऊ शेवया, भाजलेले शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर आणि एका वाटीत जांभळट रंगाची, भयंकर वासाची कोळंबीची चटणी. परत आल्यापासून डोक्यात होतं की हे घरी करायचंच. मुहूर्त लागला या शनिवारी. पण करायला घेतलं आणि नेहमीप्रमाणे एका कामातून दुसरं निघालं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिपेंडन्सी म्हणतो. एक पॅकेज टाकायला जावं तर ते आणखी सात मागतं. इथे प्रत्येक जिन्नसामागे एकेक इतिहास निघत गेला, म्हणून हा लेख.

गल्लीचं नाव मासा

हनोईचा जुना भाग छत्तीस गल्ल्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि गल्ल्यांची नावं धंद्यांवरून. नाशिककरांना यात नवल वाटू नये. आपल्याकडे तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, सराफ बाजार आहे, दहीपूल आहे. हनोईतली एक गल्ली रंग-रोगण विकणाऱ्यांची होती, 'हांग सन'. त्या गल्लीत दोआन नावाचं एक कुटुंब माशाचा हा प्रकार करून खाऊ घालायचं. हॉटेल १८७१ पासूनचं म्हणून सांगतात. पदार्थ इतका गाजला की गल्लीचं नावच बदलून 'चा का' झालं. हॉटेलाचं नाव 'ला वाँग', म्हणजे जुन्या चिनी कथेतला गळ टाकून बसलेला म्हातारा. तो सरळ, न वाकवलेला गळ पाण्यात सोडून बसायचा, कारण त्याला मासा नको होता, गुणांची पारख असलेला राजा हवा होता. (अप्रेझलची वाट बघणाऱ्या आम्हा लोकांचा हा कुलदैवत व्हायला हरकत नाही.)

त्या घरात फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या दे थाम याची माणसं येऊन जेवायची, बैठका करायची, असंही सांगतात. दे थाम म्हणजे उत्तरेच्या डोंगरात, येन थेमध्ये, कित्येक वर्षं फ्रेंचांना दाद न देणारा शेतकऱ्यांचा पुढारी. हॉटेलाची कथा हॉटेलवाल्यांपाशी, पण दे थामशी जोडलेली स्वयंपाकघरातली एक घटना मात्र इतिहासात नोंदलेली आहे. २७ जून १९०८ च्या रात्री हनोईतल्या फ्रेंच छावणीत काम करणाऱ्या व्हिएतनामी आचाऱ्यांनी सैनिकांच्या जेवणात विष कालवलं. सुमारे दोनशे सैनिक आजारी पडले, पण कुणी मेलं नाही. कट फुटला, आणि त्यातल्या कित्येकांची डोकी उडवण्यात आली.

हे वाचताना मी तारखेपाशी थांबलो. १९०८. पुढच्याच वर्षी, २१ डिसेंबर १९०९ ला, आमच्या नाशकात विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. अठरा वर्षांचा मुलगा. एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन शहरं, दोन वेगळी साम्राज्यं आणि दीड वर्षाचं अंतर.

थोडं विषयांतर करतो. आपल्यापैकी प्रत्येकाला ती मेल एकदा तरी आलेली आहे. व्हिएतनामचे कुणी मंत्री भारतात येतात, रायगडावर जातात, मूठभर माती घेतात, आणि 'आम्ही अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांमुळे' असं सांगतात. मेलमध्ये मंत्र्याचं नाव कधी नसतं, तारीख नसते, वर्षही दर वेळी बदलतं. महाराजांना मोठं ठरवायला असल्या दाखल्याची गरज नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, खोटी नाती फॉरवर्ड करण्याच्या नादात खरी नाती बघायची राहून जातात. ती स्वयंपाकघरात पडलेली आहेत.

देवाने विसरलेली भाजी

उदाहरणार्थ शेपू. व्हिएतनामीत त्याला 'थी ला' म्हणतात. त्यावर एक गंमतशीर लोककथा आहे. देव सगळ्या झाडापाल्यांना बोलावून नावं वाटत होता. हे बारकं रोप उशिरा पोचलं. तोवर देवाची नावं संपली होती. देव आठवत बसला, "तुझं नाव म्हणजे... असं की..." व्हिएतनामीत हे 'असं की' म्हणजे 'थी ला'. रोपाला वाटलं हेच नाव मिळालं, आणि ते आनंदाने पळत सुटलं.

शेपूशी आपलंही नातं असंच, जरा दुर्लक्षाचं. आवडत नाही म्हणता म्हणता जन्मापासून त्याच्या उपकारात आहोत. बाळंतिणीला जेवणानंतर देतात त्या बाळंतशेपा या शेपूच्याच बिया. आणि बाळाचं पोट दुखलं की पाजायचं ते ग्राइप वॉटर, १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलेलं, त्यातही शेपूच्याच बियांचं तेल. म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली बाहेरची चव ही बहुधा शेपूचीच.

एक फरक मात्र आहे. आपण शेपू मुगाच्या डाळीबरोबर शिजवून शिजवून मऊ करतो. हनोईत तो गरम तेलात जेमतेम अर्धा मिनिट असतो. तेवढ्यात त्याचा उग्रपणा जातो आणि सुगंध राहतो. भाजी तीच, टायमिंग वेगळं.

मासा कुठला

मूळ पदार्थाला नदीतला मांसल, बिनखवल्यांचा मासा लागतो. नाशिकला समुद्रातला मासा मुंबईहून कसारा घाट चढून येतो, त्यामुळे पापलेट, सुरमई मिळतं, पण भाव ऐकून मी नेहमी फक्त बघून येतो. या वेळी सरळ 'बासा' घेतला. दुकानदाराला विचारलं, हा कुठला मासा? तो म्हणाला, "साहेब, फ्रीजरचा."

उत्तर अगदीच चूक नाही. बासा म्हणून जो आपल्याकडे विकला जातो तो बहुतेक वेळा मेकाँग नदीतला पंगस. व्हिएतनामने तो तळ्यांत, पिंजऱ्यांत इतका वाढवला आणि इतक्या स्वस्तात विकला की अमेरिकेतले कॅटफिशवाले घाबरले. २००२ मध्ये अमेरिकेने कायदा करून या माशाला 'कॅटफिश' म्हणायलाच बंदी केली आणि २००३ मध्ये वर जकातही लावली. युद्ध संपून अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि दोन देश माशाच्या नावावरून भांडत होते. आपल्याकडे हाच पंगस १९९० च्या दशकात बांगलादेशामार्गे बंगालात आला आणि मग आंध्रातल्या तळ्यांत बस्तान मांडून बसला. म्हणजे मी व्हिएतनामी पदार्थासाठी पर्यायी मासा म्हणून जो आणला, तो मुळात तिकडचाच निघाला!

मॅरिनेशनला हळद, मीठ, थोडं दही (तिकडे आंबवलेला भात घालतात), आणि कुलिंजन. ते भाजीवाल्याकडे मिळत नाही. गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "घसा बसलाय का?" मी म्हटलं, नाही, मासा आहे. पुढचं संभाषण झालं नाही.

शेवयांची भानगड

आता खरी अडचण, बुन. तांदळाच्या सुक्या नूडल्सचं पाकीट आता सगळीकडे मिळतं. पण बायको म्हणाली, "आजींचा साचा आहे ना माळ्यावर?"

हो, होता की. माझी आजी मूळची मालवणकडची. आजोबांना नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी लागली आणि ती लग्न होऊन इथे आली, येताना शिरवाळ्यांचा लाकडी साचा घेऊन. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. सणाला व्हायचे. आजी आता चौऱ्याऐंशीची आहे, हात थरथरतात, साचा सहा वर्षं पेपरात गुंडाळून पडलेला. आम्ही कुणी शिकलोही नाही. विकत मिळतं की सगळं.

मी साचा काढला, धुतला, आणि आजीला न विचारता कामाला लागलो. तांदूळ घेतला घोटीकडचा इंद्रायणी. आपल्या जिल्ह्याचा, सुवासिक, अभिमानाचा वगैरे. पीठ केलं, गरम पाण्यात मळलं, साच्यात भरलं, दाबलं. खाली जे उतरलं ते शेवया नव्हत्या. ती खळ होती. पतंगाला मांजा करायला उपयोगी पडली असती.

मग बसलो वाचायला. गव्हात ग्लुटेन असतं, ताणलं की तुटत नाही, म्हणून आपल्या देशावरच्या बायका खाटेवर वाळत घालायच्या शेवया केसासारख्या ओढू शकतात. तांदळात ग्लुटेन नाही. तिथे पिठाला धरून ठेवतो तो शिजलेला स्टार्च. म्हणून उकड आधी नीट शिजायला हवी. शिवाय स्टार्चमध्ये दोन भाग, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर शेवई सुटी आणि घट्ट होते, कमी असेल तर भात चिकट होतो. इंद्रायणी चिकट, म्हणून तर आपल्याला मऊ भातासाठी आवडतो. शेवयांसाठी तोच गुण म्हणजे बग.

इथे आणखी एक धागा सापडला. इंद्रायणी हे आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांचं लेकरू. आयआर-८ म्हणजे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९६६ मध्ये काढलेला तो प्रसिद्ध बुटका, भरघोस तांदूळ. युद्ध चालू असतानाच तो मेकाँगच्या खोऱ्यात पोचला आणि तिथले शेतकरी त्याला 'होंडा तांदूळ' म्हणू लागले, कारण एका चांगल्या पिकात होंडाची मोटारसायकल यायची. म्हणजे घोटीचा भात आणि मेकाँगचा भात हे लांबचे चुलतभाऊ.

आणि साचा? २००५ मध्ये चीनमध्ये लाजिया नावाच्या ठिकाणी एका उपड्या पडलेल्या वाडग्याखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्याची बातमी आली. त्या राळ्याच्या आणि तसल्याच दुसऱ्या भरडधान्याच्या आहेत असं संशोधकांचं म्हणणं. लगेच शंका निघाली, राळ्यात ग्लुटेन नाही, मग त्या ओढल्या कशा? पुढच्या प्रयोगांत दिसलं, की पीठ शिजवून साच्यातून दाबलं तर जमतं. आपल्याकडे अच्चया यांच्यासारखे खाद्येतिहासकार दक्षिणेतल्या इडिअप्पमच्या खुणा संगम साहित्यापर्यंत मागे नेतात. थोडक्यात, शिजलेलं पीठ भोकांतून दाबायचं, ही युक्ती कुणा एकाच्या बापाची नाही.

आजी

खळ बघायला आजी स्वयंपाकघरात आलीच. काय चाललंय ते सांगितल्यावर म्हणाली, "शिरवाळ्यांवर मासो कोण घालता रे मेल्या?"

मला वाटलं, संपलं. सणाचा साचा, त्यातून गोडाचा पदार्थ, आणि नातू त्याला वशाट करतोय. पण तिने पदर खोचला आणि डब्यातला साधा, जुना, जाडा तांदूळ काढायला लावला. पीठ, पाणी उकळायला, मीठ, थोडं तेल. उकड, मग तिचे गोळे, ते पुन्हा उकळत्या पाण्यात. मी वही घेऊन बसलो. "पाणी किती?" "मावेल तितकं." "किती मिनिटं?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. "उकड हातान कळता, घड्याळान नाय."

मग तिने माझा हात धरला आणि चटका बसणाऱ्या गोळ्यावर ठेवला. बोटाला चिकटत नाही, दाबल्यावर हळूच परत येतो, कानाच्या पाळीसारखा. हे. हे लिहून काढायला मला चार ओळी लागल्या आणि तरी ते पूर्ण उतरलेलं नाही. साचा मी दाबला, तिच्या हातात जोर नव्हता. खाली पांढऱ्या शेवयांची गोल चुंबळ पडत गेली आणि ती शेजारी उभी राहून नुसतं "सावकाश, सावकाश" म्हणत होती.

गोव्याहून हनोईला

चटणी राहिली. तिकडे 'माम तोम', आंबवलेली कोळंबी. ती मिळाली नाही. पण गोव्याचं बलचाव आठवलं. हा शब्द मुळात मलायातल्या 'बलाचान'वरून, म्हणजे तिकडच्या कोळंबीच्या खारवलेल्या गोळ्यावरून, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला असं मानतात. मी जवळा भाजून, वाटून, लिंबू, साखर आणि मिरची घातली. काम भागलं.

पोर्तुगीज जहाजांवरून आठवलं. अलेक्सांद्र द रोद नावाचा एक जेझुइट पाद्री १६१९ मध्ये लिस्बनहून निघून गोव्यात पोचला. गोव्यात आणि साष्टीत तो दोन-अडीच वर्षं राहिला. पुढे मकावमार्गे १६२४ मध्ये तो व्हिएतनामला गेला. त्याच्या आधी फ्रान्सिस्को द पीना वगैरे पाद्री व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहायच्या खटपटीत होतेच. द रोदने ते काम पुढे नेलं आणि १६५१ मध्ये रोममध्ये त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला गेला. आजची सगळी व्हिएतनामी भाषा त्याच वळणाच्या रोमन लिपीत लिहितात, अक्षरांवर टोप्या आणि टिंबांची गर्दी करून.

आता मागे वळून साष्टीकडे बघा. १६१६ मध्ये तिथेच, राशोलला, फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, ओवीबद्ध, आणि लिपी रोमन. स्टीफन्स वारला १६१९ मध्ये, म्हणजे द रोद गोव्यात पोचला त्याच वर्षी. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. पण परक्या भाषेचे ध्वनी रोमन अक्षरांत बसवायची जी धडपड त्या पंथाचे लोक तेव्हा जगभर करत होते, तिचं एक मोठं वर्कशॉप आपल्या शेजारी होतं, आणि त्यातलं एक पुस्तक मराठी होतं. हनोईतल्या ज्या पाट्यांचे फोटो काढून आणले, त्यांच्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. मूठभर मातीच्या मेलपेक्षा मला हे नातं जास्त भारी वाटतं. यात वर्षं आहेत, नावं आहेत आणि पुस्तकं आहेत.

जेवण

शेवटी रात्री साडेनऊला पानं वाढली. कढईत मासा, वर दोन जुड्या शेपू आणि पातीचा कांदा, ताटात शिरवाळे, वर दाणे. आईने शेपू खाणाऱ्या मुलाचा फोटो काढला आणि मामाला पाठवला.

आजीने थोडंसं घेतलं. चावून बघितलं. मग म्हणाली, तिच्या आईकडे सणाला शिरवाळे रसातले व्हायचे खरे, कारण त्या दिवशी वशाट नाही. पण दुसऱ्या दिवशी उरलेले शिरवाळे पोरं माशाच्या तिखट सारात घालून खायची. चुलीपाशी बसून, ताट न घेता, एकाच टोपातून.

मी विचारलं, "मग दुपारी मला का ओरडलीस?"

"तां काय कोणाक सांगूची गोष्ट हा?"

मला हसू आलं, पण नंतर बराच वेळ ते वाक्य डोक्यात राहिलं. केरळात इडिअप्पम माशाच्या कालवणाबरोबर खातात, मंगळूरकडेही शेवया कोंबडीच्या रश्शाबरोबर खातात, हे मी दुपारी वाचलं होतं. माझ्याच घरात ते साठ-सत्तर वर्षं आठवणीत होतं, आणि कुणी विचारलं नाही म्हणून बाहेर आलं नाही. सणाचा पदार्थ पुस्तकात जातो. दुसऱ्या दिवशीचं उरलेलं कुणी लिहीत नाही, आणि मग आपणच म्हणायला लागतो की आपल्याकडे असं नव्हतंच.

हनोईच्या दोआन कुटुंबाने एक पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवला म्हणून गल्लीचं नाव टिकलं. आमच्या साच्याला ना गल्ली ना हॉटेल. तो माहीत असलेलं एक माणूस चौऱ्याऐंशी वर्षांचं आहे. आमच्या ऑफिसात असा प्रोजेक्ट असता तर मॅनेजरने कधीच आरडाओरडा केला असता, की सगळं एकाच्या डोक्यात, बॅकअप कुठाय?

असो. रविवारी सकाळी मी साचा पुसून वाळवला. पेपरात गुंडाळला नाही आणि माळ्यावरही ठेवला नाही, ओट्याशेजारी ठेवलाय. आजीने जाता जाता बघितलं, आणि पुढच्या शनिवारी नारळ आणायला सांगितलेत. दोन.